एक्स-रेवाल्या बाई तळ्यावर

एकतीस वर्षं बाईंनी लोकांच्या हाडांचे फोटो काढले. इस्पितळात शिपायापासून मोठ्या डॉक्टरांपर्यंत सगळ्यांच्या त्या एक्स-रेवाल्या बाई. खोली तळघरात, खिडकीचा पत्ता नाही. बाहेर ऊन पडलंय की आभाळ भरून आलंय, हे पेशंटच्या कपड्यांवरून ओळखायचं.

निवृत्तीनंतर पहिल्याच महिन्यात त्यांनी कपाट आवरायला काढलं आणि मुलाचा जुना कॅमेरा हाती लागला. मुलगा परगावी होता. फोनवर म्हणाला, "घे की तू. पण काढणार कशाचे फोटो?"

"सूर्य उगवतानाचे," बाई बोलून गेल्या. आधी ठरवलेलं असं काहीच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी नवरा घोरत असतानाच त्या तळ्यावर पोचल्या. धक्क्याला नाव लागली होती आणि नावाडी तिच्यात साचलेलं पाणी डब्याने उपसत होता. सूर्य वर आला, बाईंनी बटण दाबलं, तर कॅमेऱ्याच्या पडद्यावर उमटलं: कार्ड नाही. कार्ड घरी टेबलाच्या खणात आरामात पडलं होतं.

पुढच्या आठवड्यात चाळीस फोटो निघाले. सगळ्यांत पाणी काळंकुट्ट आणि मधोमध पांढरा डाग. मुलाला पाठवले तर तो म्हणाला, "आई, तळं डावीकडे कललंय. आणखी थोडं कललं असतं तर पाणी सांडलं असतं."

बाई हिरमुसल्या. दोन दिवस कॅमेऱ्याला हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी जाग आलीच आहे तर जाऊ या, म्हणून गेल्या.

नावाडी इतके दिवस गप्प बघत होता. "ताई, रागावू नका, पण तुम्ही उभ्याच तिरक्या राहता. डावा खांदा खाली."

बाईंना हसू आलं. "शिशाचा जड एप्रन वागवलाय त्या खांद्याने. आता या जन्मात तो काही वर येत नाही."

"मग या खांबाला टेकवा ना कॅमेरा. माझ्या बापाने ओळंबा लावून ठोकलाय."

तळं सरळ झालं, पण काळं ते काळंच. भांडी घासता घासता बाईंना अचानक उमगलं. एकाच छातीचा फोटो, पण बरगड्या बघायच्या तर किरणांचं माप वेगळं आणि फुप्फुसं बघायची तर वेगळं. 'मी माप घेतेय सूर्याचं,' त्यांच्या मनात आलं, 'आणि बघायचंय पाणी.'

सकाळी त्यांनी कॅमेरा आधी पाण्यावर रोखला, बटण अर्धं दाबून तिथल्या उजेडाचं माप धरून ठेवलं, मग वर उचलला. पडद्यावर तांबूस लाटा आल्या, नावेची सावली आली, डबा घेऊन वाकलेला नावाडी आला. सूर्य जरा फटफटीत आला होता. येऊ दे, बाई म्हणाल्या.

नावाडी फोटो बघत राहिला. "माझी पाठ इतकी वाकलीय?"

"वाकलीय. दुखते का?"

"रोज."

"मग आजच जा इस्पितळात. मी पाठवलंय म्हणून सांगा."

तो खरंच गेला. हाडं ठणठणीत निघाली, नुसते स्नायू आखडले होते. व्यायाम सुरू केल्यावर महिन्याभरात त्याला बराच आराम पडला. तेव्हा तो म्हणाला, "चला ताई, एकदा पलीकडच्या काठावरून काढा फोटो."

इतकी वर्षं या गावात काढून बाई पलीकडे कधी गेल्या नव्हत्या. त्या दिवशी हट्टाने सोबत आलेला नवरा नाव बघून म्हणाला, "मी आपला इथेच बरा," आणि थरमास मांडीवर घेऊन बाकावर बसला.

पलीकडे उतरून बाई मागे वळल्या, तेव्हा सूर्य त्यांच्या पाठीमागून वर आला होता. समोर सगळं गाव उजळलं होतं, इस्पितळाच्या भिंतीसुद्धा, आणि धक्क्यावर नवरा मुंगीएवढा. बाईंनी त्याचाही फोटो काढला. बोटं गारठली होती, चहा त्याच्यापाशीच राहिला होता, तरी "निघू या का?" असं नावाड्याने विचारल्यावर त्या म्हणाल्या, "बसू या की जरा."