पाँडर सरांचा तराजू

इंग्रजीच्या शिकवणीत तराजू ठेवणारा माणूस मी एकच पाहिला. ब्राह्मणपारा या आमच्या मोहल्ल्यात सर घरीच शिकवत. टेबलावर जाडजूड शब्दकोश आणि त्याच्या शेजारी वडिलांच्या किराणा दुकानातला पितळी तराजू. पहिल्याच दिवशी त्यांनी एका पारड्यात जाम, म्हणजे पेरू, ठेवला, दुसऱ्यात खडूंची डबी. म्हणाले, "पाँडर, म्हणजे विचार करणं, ते हे. लॅटिनमध्ये मूळ अर्थ तोलणं. पौंडही त्याच घरचा. विचार करा म्हटलं की तुम्ही पोट्टे छताकडे पाहता. छतावर काय आहे? पारड्यात पाहा." त्या दिवसापासून ते साऱ्या पाऱ्याचे पाँडर सर झाले.

विचार करण्याचे सगळे इंग्रजी शब्द एकाच अर्थाचे, हे त्यांना मान्य नव्हतं. रुमिनेट म्हणजे गाईसारखा रवंथ. कन्सिडरच्या मुळाशी आकाशातले तारे असावेत म्हणतात, "पण त्याची मले पक्की खात्री नाही," असंही ते लगेच सांगत. ही त्यांची सवय मला पुढे नोकरीत फार उपयोगी पडली.

अकरावीत गणित घ्यावं की कॉमर्स, यावर मी अडकून पडलो होतो. सरांनी विचारलं, "तोलून राहिला का चघळून राहिला?"

"फरक काय, सर?"

"तोलणं संपते. चघळणं संपत नाही."

मी कॉमर्स घेतलं. आज भनपुरीत एका ट्रान्सपोर्ट कंपनीचा हिशेब पाहतो. ट्रकांच्या वजनाच्या पावत्या रोज माझ्या हाताखालून जातात.

काही वर्षांपूर्वी सर चालता चालता मधेच थांबू लागले. काय झालं विचारलं, की बोट वर करून म्हणायचे, "थांब, पाँडर करून राहिलो." सगळे हसायचे, मीही. एकदा त्यांच्यामागून जिना चढताना मात्र दिसलं, की ते दोन्ही हातांनी कठडा धरून उभे आहेत आणि ते वाक्य त्यांना एका दमात पुरं करता येत नाही.

मी सरांच्या पत्नीला, काकूंना, गाठलं. त्या म्हणाल्या, "हृदयाचा व्हॉल्व्ह खराब आहे. दोन डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं. हे म्हणतात, विचार करतो. किती दिवस करतील? तूच बोल बाबा, माझं ऐकत नाहीत."

सर खुर्चीत होते. मी सरळ विचारलं, "सर, दोन्ही डॉक्टर एकच सांगतात ना?"

"हव."

"मग पारडं कुठं झुकते?"

"ऑपरेशनकडंच. पण अजून एखाद्या डॉक्टरले दाखवून पाहू म्हणतो."

"आमच्याकडे ट्रक काट्यावर दोनदा चढतो, सर. एकदा रिकामा, एकदा भरलेला. तिसऱ्यांदा चढवून वजन बदलत नाही, नुसता उशीर होतो. तुमचं तोलणं केव्हाच झालं. आता तुम्ही चघळून राहिले."

सरांनी काकूंकडे पाहिलं. "पाहिलं? माझाच तराजू माझ्या डोक्यात घालून राहिला हा." मग हळूच म्हणाले, "भेव वाटते रे. ते कोणत्या पारड्यात ठेवू?"

"त्याची मले पक्की खात्री नाही, सर," मी म्हणालो. "पण त्या दिवशी मी दिवसभर तिथंच राहीन."

सर हसले आणि काकूंना म्हणाले, "तारीख घे."

ऑपरेशनच्या दिवशी काकूंनी सकाळपासून पाण्याचा घोटही घेतला नव्हता. संध्याकाळी डॉक्टर बाहेर आले, "सब ठीक है" म्हणाले, आणि काकू मला म्हणाल्या, "आता चहा आण. साखर जास्त." तसा गोड चहा मी त्यानंतर प्यालो नाही.

वर्षभरानं दोघं मुलीकडे नागपूरला राहायला निघाले. मी स्टेशनवर सोडायला गेलो. तराजू मला देऊन टाकला होता, शब्दकोश मात्र त्यांच्या पेटीत होता आणि ती पेटी माझ्या हातात. पुलाच्या पायऱ्या चढताना मी मधेच टेकलो. सर कुठेही न थांबता वर पोचले होते. कठड्यावरून वाकून त्यांनी खणखणीत आवाजात विचारलं,

"काहून रे, पाँडर करून राहिला का?"