भडंगाला मतदान नाही

शिरवळहून निघतानाच मी मनात ठरवलं होतं, या खेपेला सांगलीवरूनच मागं फिरायचं नाही. तिथून तासाभरावर कवठे महांकाळ, माझं माहेर. दर सहलीत सांगली होते आणि माहेर राहतं. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, तेव्हाही मी व्हिडिओ कॉलवरच विचारपूस केली.

गाडीत पाच जण: मी, नवरा, नणंद स्वाती, सासूबाई म्हणजे आत्याबाई, आणि सासरे आप्पा, नागरिकशास्त्राचे निवृत्त मास्तर. हायवे चांगला आहे, फास्टॅग तेवढा भरून ठेवा. साताऱ्यात कंदी पेढे जरूर घ्या, पण आप्पांसारख्यांच्या हाती देऊ नका. आमचा खोका कराडच्या आत रिकामा झाला.

मुक्काम सांगलीच्या विश्रामबागेत. लॉज स्वच्छ, पार्किंग आहे, गरम पाणी फक्त सकाळी. दुसऱ्या दिवशी नाश्त्यालाच माझं नि स्वातीचं वाजलं. वेळ एकाच ठिकाणापुरता होता. स्वातीला सागरेश्वर अभयारण्यातली हरणं हवी होती, मला आई.

"भांडू नका. राज्यसभेसारखं मतदान घेऊ," आप्पा म्हणाले.

"राज्यसभेला आपण कुठं मत देतो?" स्वाती म्हणाली.

"आपण न्हाई, आपले आमदार देतात. आज तुमी आमदार, मी निवडणूक अधिकारी."

त्यांनी खिशातून जांभळा स्केचपेन काढला. शिक्का नाही, नावापुढं पसंतीचा आकडा लिहायचा. पेटीत टाकण्याआधी चिठ्ठी फक्त आपल्या पक्षाच्या प्रतिनिधीला दाखवायची, दुसऱ्या कुणाला दाखवली की मत बाद. हरणांच्या पक्षात नवरा, स्वाती आणि आत्याबाई; प्रतिनिधीही आत्याबाईच. माझ्या पक्षात मी एकटीच.

"आणि सांगलीचं भडंग घ्यायचं की नाही, त्याचं काय?" मी विचारलं.

"राष्ट्रपती राज्यसभेवर बारा जण थेट नेमतात, तसं ते. भडंगाला मतदान न्हाई."

पेढ्याचा खोका पेटी झाला. नवऱ्यानं चिठ्ठी आत्याबाईंना दाखवली आणि वळताना हळूच मलाही. कवठ्यापुढं एक! मला भरून आलं.

"बाद," आप्पा म्हणाले. "दोघींना खूश करायला गेलास, मत घालवलंस."

लग्नापासून याचं हेच चाललंय. आता दोनास एक. मी बॅग भरायला घेतली.

आप्पांनी खोका उघडला. सागरेश्वर एक. कवठे एक. तिसरी चिठ्ठी: कवठे.

"आई, तू फुटलीस?" स्वाती ओरडली. "आप्पा, हे मत बाद करा."

"फुटलेलं मतबी मोजत्यात. पक्षानं काय करायचं ते नंतर करावं."

आत्याबाई शांतपणे म्हणाल्या, "माझं माहेर विट्याच्या वाटंवर. ह्यांच्या शाळेची सहल तिथनंच जायची, मीबी संगं असायची. एकदा खिडकीतनं आई दिसली रानात. मी हात केला, तिला काय दिसला न्हाई. आन् ह्यांनी काय गाडी थांबवली न्हाई."

आप्पा बराच वेळ पेनाचं टोपण लावत राहिले.

मिरजेवरून कवठ्याचा रस्ता छान आहे. आई काठी न घेता दारापर्यंत आली. मी तिथंच रडले. स्वातीला हरणांऐवजी शेळीची करडं मिळाली, ती त्यांच्यातच रमली.

परतीला आप्पांनी विट्यावरून गाडी घ्यायला लावली. एका रानापाशी ते म्हणाले, "थांबव रं." आत्याबाई बांधावर जरा वेळ उभ्या राहिल्या. रानात कुणी नव्हतं, तरी त्यांनी हात केला.

शिरवळला येऊन आठवडा झाला. भडंग संपलंय, स्वाती अजून फुगलेली आहे. काल तिनं आप्पांना विचारलं, पुढच्या सहलीचं मतदान कधी घ्यायचं.

"कवाबी घे," आप्पा म्हणाले. "पर विटा आता भडंगात धर."