दखल घेतली

आमच्या कचेरीत त्यांना सगळे ‘खिडकीवाले’ म्हणत. त्यांच्या टेबलाजवळ खिडकी नव्हती. होती ती संगणकाच्या पडद्यावर. सकाळी ब्राउझर उघडला की दूरदूरच्या शाखांतले सर्व्हर त्यांच्यापुढे ओळीने उभे राहत. हिरवा ठिपका म्हणजे ठीक, लाल म्हणजे बिघाड. बिघाड झाला तरी धावाधाव नाही. खुर्चीतूनच ते एखादे बटण दाबत आणि तिकडचे यंत्र मुकाट्याने बंद होऊन पुन्हा सुरू होई. मी लेखा विभागातला. माझे काम अडले की फोनवर म्हणत, “चहा घेऊन या, तोवर होतंय.” आणि खरोखरच होई.

लाल ठिपका उमटला की भोंगा वाजे आणि शेजारी एक बटण येई : ‘दखल घेतली’. ते दाबले की भोंगा थांबे, ठिपका करडा होई. याचा अर्थ, काम कुणीतरी हाती घेतले आहे, बाकीच्यांनी काळजी करू नये. हातावरची माशी हाकलावी तसे ते दिवसभर हे बटण दाबत. मग सवडीने एकेक काम निपटत. माणूस आळशी नव्हता, हे मी आवर्जून लिहितो.

त्यांच्या थोरल्या भावाचा दुसऱ्या गावी फोटो स्टुडिओ होता. खिडकीवाले दर रविवारी बसने तिकडे जात, आठवडाभराचे फोटो नीट साठवून ठेवत, वहिनींच्या हातचे जेवत, दादांशी कडकडून वाद घालत आणि संध्याकाळी परतत. पुढे त्यांनीच स्टुडिओत एक छोटा सर्व्हर बसवला. आत दोन डिस्क. एकीवर पडेल ते दुसरीवर आपोआप. कचेरीतल्या यादीत सर्वांत खाली दादांची ओळ आली.

“म्हणजे आता तू येणार नाहीस,” दादा म्हणाले होते.

“रोज बघणार आहे की तुझं दुकान! उलट जास्तच.”

“मग जेवायलाही तिथूनच बस. वहिनीला सांगतो, ताट त्या डब्यापुढे धर.”

ही हकीकत खिडकीवाल्यांनीच मला हसत हसत सांगितली होती. रविवार मात्र हळूहळू गळत गेले. ठिपका हिरवा असे, जायचे कशाला?

एकदा सकाळभर बैठक होती, पान उघडलेच नव्हते. आम्ही डबा खात असताना दादांचा फोन आला. त्यांचा आवाज खणखणीत, मला सगळे ऐकू येत होते.

“अरे, तुझं पिल्लू सकाळपासून किंचाळतंय. गिऱ्हाइकं विचारतात, मांजर पाळलंय का?”

खिडकीवाल्यांनी उष्ट्या हाताने कसाबसा माउस सरकवला, पान उघडले, ‘दखल घेतली’ दाबले. “थांबलं?”

“थांबलं. पण येतोस ना?”

“एक डिस्क गेलीय दादा, दुसरी ठणठणीत आहे. रविवारी नवी घेऊन येतो.”

“ये. वहिनीला सांगून ठेवतो.”

त्या रविवारी कचेरीचे काम निघाले. पुढच्या रविवारी बायकोच्या माहेरचे पाहुणे आले. ठिपका करडा होता. तो ओरडत नव्हता, डोळ्यांत खुपत नव्हता. गोष्ट मनातून गेली ती गेलीच.

मग दुसरी डिस्क गेली. या वेळी खिडकीवाले तडक निघाले, पण मला म्हणाले, “चला हो बरोबर. एकट्याला धीर होत नाही.”

आम्ही पोचलो तेव्हा काउंटरपाशी एक बाई उभ्या होत्या. त्यांची आई नुकतीच वारली होती आणि इथे काढलेला तिचा फोटो त्यांना मोठा करून हवा होता. दादा त्यांना म्हणाले, “नाही मिळणार, बाई. सगळंच गेलं.” भावाकडे त्यांनी पाहिलेही नाही. दोन्ही डिस्क जाणकारांकडे नेऊन दाखवल्या, त्यातून काही निघाले नाही. पण ते नंतरचे. त्या दिवशी दादा एवढेच बोलले, “जेवून जा.”

जेवताना दादा उठून बाहेर गेले आणि वहिनींना राहवले नाही.

“भावोजी, ते यंत्र ओरडत होतं ना, तेव्हा शेजारचा दुरुस्तीवाला आला होता. म्हणाला, आत्ता बदलून देतो. ह्यांनी हात लावू दिला नाही.”

“का?”

“म्हणाले, राहू दे. त्या निमित्तानं तरी तो येईल.”

मी पाण्याचा पेला उगाचच खिडकीवाल्यांपुढे सरकवला.

आता ते दर रविवारी जातात. दादा दार उघडतात, बस वेळेवर होती का विचारतात, बसा म्हणतात. धाकट्या भावाला ‘बसा’. वाद घालत नाहीत.

स्टुडिओतला सर्व्हर कधीच काढून ठेवला आहे, पण यादीतली ओळ तशीच आहे, लाल. रोज पान उघडले की भोंगा सुरू होतो आणि तासातासाने पुन्हा वाजतो. लोक कुरकुरतात. मी आयुष्यभर अर्धवट नोंदी मिटवत आलेला माणूस, परवा न राहवून म्हणालो, “अहो, दाबून टाका ना ते बटण एकदाचं.”

“वाजू द्या,” ते म्हणाले. “मागच्या वेळी दाबलं होतं.”