उपाशी मोटर

आता काय सांगू तुमाले, हसाल तुम्ही! पण चहा पाजून राह्यले, तर सांगतोच.

वऱ्हाड मध्यप्रांताच्या दावणीले बांधलेलं होतं, तवाची गोष्ट. चिखलीत दोन बैठकीची उघडी, पळणारी मोटर एकच. माही! तांबडी! मी बाजारातून निघालो का लोक तराजू सोडून पाहत. अन् एक दिवस करीमभाईनं हिरवी आणली. हा करीमभाई माह्यासारखाच कापसाचा व्यापारी, दुकानाले दुकान लागून.

झालं! माह्या पोटात असं दुखाले लागलं का ओवा खाऊनही थांबेना.

"भाऊ, तुही किती सिलिंडरची?" त्यानं भर बाजारात विचारलं.

"चार."

"माही सहा. गेर?"

"तीन."

"माहे चार. पळते किती?"

"साठ मैल. उतारावर."

"माही ऐंशी. चढावर!"

लबाड! पण एका गोष्टीत मी वरचढ होतो. माही मोटर वजनाले हलकी.

त्यातच उंद्रीले भाचीचं लग्न निघालं. करीमभाई माह्या दाजीचा जुना दोस्त, त्याचं वावरही उंद्रीतच. दोघायलेही राजी ठेवाले दाजीनं तोड काढली, "चिखलीहून जो अगोदर येईन, त्याच्या मोटरीत नवरदेव!"

सख्खा मामा मी! अन् नवरदेव हिरव्या मोटरीत? नाक राहीन का मले?

मग मी डोकं लावलं. आमच्या घरी शंकरपटाचे, म्हंजे शर्यतीचे बैल. पटाच्या दिवशी बैलाले पोटभर चारत नाहीत, जड झाला का तो पळत नाही. मग मोटरीनंच काय घोडं मारलं? जास्तीचं चाक काढलं, वरचा कापडी टप काढला, हत्यारांची पेटी काढली. अन् टाकीतलं पेट्रोलही काढलं! उंद्रीपुरतं तेवढं ठेवलं, अगदी मापून.

बायको म्हणे, "काऊन हो, मोटरीलेही एकादशी?"

"तुले काय समजते पटातलं?"

चुकलो कुठं म्हणता? अहो, निघाच्या आधी करीमभाईच्या दुकानापुढून भोंगा वाजवत चकरांवर चकरा मारल्या! जळू द्या ना लेकाले!

पण देवाशप्पथ सांगतो, रस्ताभर मीच पुढं! मागं हिरवी पाहून जीव असा हरखला का गाणं म्हणाले लागलो. उंद्रीचं देऊळ दिसलं, अन् तांबडी खोकली, शिंकली अन् उभी राह्यली. हिरवी भुर्रकन बाजूनं गेली. वरून करीमभाईनं हात हालवला! त्या हाताचा राग मले अजून येते.

थोड्या वेळानं गावाकडून एक सालदार गडी बैलजोडी घेऊन आला. दोर बांधला, निघालो. वेशीवर सारं वऱ्हाड उभं! अन् नवरदेव? हिरवीत बसलेला!

दाजी मिशीत हसला, "भाऊ, हे कितवं गेर?"

मी म्हटलं, "हसा, हसा! पण दुसरा नंबर तर माहाच ना?"

सालदार दोर सोडता सोडता म्हणे, "नाई जी. मोटरीच्या अगोदर तर बैल आले. अन् बैल करीमभाईचे होये."

म्हंजे पाहा, पहिलाही तोच, दुसराही तोच. अन् सख्खा मामा तिसरा!