ढालीपायी गेलेली सुलू

विद्यापीठाच्या मुलींच्या बास्केटबॉल संघाने सुलोचना परबला फसवले. संघाच्या व्यवस्थापक बाईंनी, सगळे ठाऊक असताना, तिला दाखला दिला नाही. हे आधीच लिहून ठेवतो, म्हणजे पुढचे वाचताना माझा राग कोणी नुसता शोक समजणार नाही.

सुलू माझ्या शेजारच्या तात्या परबांची मुलगी. माझे कट्टा गावात नारळाचे दुकान, डोक्यावर पाटी घेऊन सुरू केलेले. शाळेतून येताना ती दुकानात शिरायची आणि सोललेले नारळ दहा हातांवरच्या हाऱ्यात, म्हणजे मोठ्या टोपलीत, एकेक फेकायची. एकही बाहेर पडत नसे.

"नारळ फुटलो तर बापाशीक सांगेन हां," मी दम द्यायचो.

"नेम धरीत बसलंय तर फुटतलो, काका. हात सोडलो की बरोबर जाता."

हे ती कशाबद्दलही म्हणे. मला मात्र धरलेले सोडणे कधी जमले नाही.

कॉलेजात दुसऱ्या वर्षी तिची विद्यापीठाच्या संघात निवड झाली. मुलींचा संघ तेव्हा नुकताच उभा राहत होता. तात्या अडून बसले. "पेपरात नाव इला तर हिका स्थळ खंयसून येतला?" सुलू माझ्याकडे आली. अडलेल्या दोघांना मध्यावर आणणे हाच माझा धंदा. मी तात्यांना म्हटले, "चेडवाक खेळांदे. नाव तेवढा आजोळचा घाला." तात्यांनी मान हलवली, म्हणजे सौदा जमला. सुलूने बाईंना सगळे सांगितले आणि बाईंनी स्वतःच्या हाताने अर्जावर आजोळचे आडनाव आणि नवे नाव, 'लीला सावंत', लिहिले.

तीन वर्षे लीला सावंत खेळली. शेवटच्या वर्षी तिच्या कप्तानपदाखाली संघाने स्पर्धेची ढाल जिंकली. पेपरात फोटो आला. तात्यांनी तो कापून पंचांगात ठेवला आणि कोणाला दाखवला नाही.

स्थळ काही आले नाही. तात्यांना अर्धांगवायू झाला आणि घर सुलूवर पडले. जवळच्या हायस्कुलात मुलींना खेळ शिकवायची हंगामी जागा तिला मिळाली. तिने पोफळीचे दोन खांब पुरले, पिंपाच्या लोखंडी कड्या वर ठोकल्या. मुलींवर ओरडायची, "बॉल माका दाखव नको गो, तिका दी. तुझ्याकडेच ऱ्हवलो तर संघ कित्याक होयो?" त्या वर्षात मी तिला जितके हसताना पाहिले, तितके पुढे कधीच नाही.

जागा कायम करायला शाळेने विद्यापीठाकडून खेळल्याचा दाखला मागितला. विद्यापीठाने कळवले, सुलोचना परब नावाची खेळाडू आमच्या यादीत नाही.

मी तिला घेऊन शहरात बाईंकडे गेलो. त्यांच्या टेबलावर संघाच्या इतिहासाची छापील पुस्तिका होती. पहिल्याच पानावर ढाल मांडीवर घेऊन मधोमध सुलू. मी त्यावर बोट ठेवले.

"हो, हीच ती," बाई म्हणाल्या. "पण खोट्या नावाने खेळवली असं लिहून दिलं, तर ढाल परत मागतील. बाकीच्या मुलींनी काय करायचं?"

"अर्जावर अक्षर कोणाचं, बाई?"

त्यांनी पुस्तिका मिटली. सुलू हळूच म्हणाली, "ढालीचं लिहू नका, बाई. मी खेळले, एवढंच लिहा."

बाईंनी कागद पुढे ओढला. तेव्हा मी थांबायला हवे होते. मी टेबलावर मूठ आपटली आणि सगळे पेपरात छापून आणीन म्हणालो. बाईंनी कागद खणात सरकवला.

बाहेर आल्यावर सुलू म्हणाली, "ती लिवक लागली होती, काका. तुमी आरडलात कित्याक?"

"ती लबाड आसा म्हणून."

"आसांदे. माका कागद होयो होतो."

जागा दुसरीला मिळाली. तात्यांना माझ्या भरवशावर ठेवून सुलू वैभववाडीला मावशीच्या घरी रांधायला राहिली. दोन पावसाळ्यांनंतर तिथेच काविळीने गेली. अंथरुणावरचे तात्या मला विचारतात, "नाव बदलूक कोणी सांगल्यान रे?" मी सांगतो, "मीच." दुसऱ्या दिवशी ते पुन्हा विचारतात.

माझा वाटा मी इथे लिहिला. बाई अजून हयात आहेत, पुस्तिकाही वाटली जाते. त्या फोटोत मधोमध बसलेली मुलगी कोण आणि तिचे खरे नाव त्यांनी कोणत्या भीतीने गिळले, हे बाईंनी आपल्या त्याच हस्ताक्षरात लिहून द्यावे. सुलूला आता त्याचा उपयोग नाही, हे मला समजते. तरीही मला उत्तर हवे आहे.