ड्रमकेर्नचे वंशज, मुक्काम एश्बॉर्न

ऑफिसमध्ये एखादा माणूस असा असतो की त्याचे किस्से गोळा करावे लागत नाहीत, आपोआप साठत जातात. कॉफी मशीनपाशी दोघं भेटले की एकाकडे नवा निघतोच. जर्मनीत एश्बॉर्नच्या आमच्या ऑफिसात तो मान अ‍ॅलेस्टरचा. माणूस स्कॉटिश, बायको जर्मन, काम टेस्टिंगचं. आणि अभिमान ड्रमकेर्न घराण्याचा! मध्ययुगात राजाने म्हणे यांच्या मूळ पुरुषाला नदीकाठची जमीन दिली आणि हे सरदार झाले. आता जमीन नाही, सरदारकी नाही. पण अ‍ॅलेस्टर आहे.

*

पहिल्याच दिवशी त्याने ऑफिस सांभाळणाऱ्या फ्राऊ बेकरना ओळख करून दिली. "आमचं घराणं आठशे वर्षं एकाच जागी राहिलं."

फ्राऊ बेकरनी चष्म्यावरून पाहिलं. "गेनाऊ, अगदी बरोबर. फार छान. पण एश्बॉर्नमध्ये आन्मेल्डुंग केलंय का?"

पत्त्याची नोंदणीच केलेली नव्हती. आठशे वर्षं बाजूला ठेवून अ‍ॅलेस्टर नगरपालिकेच्या राटहाउसच्या रांगेत!

*

या मूळ पुरुषाचं एक वैशिष्ट्य आहे. तो नक्की कुठून आला, ते कोणालाच ठाऊक नाही. त्यामुळे अ‍ॅलेस्टरला मोकळं रान. फ्रेंच क्लायंट आला की पूर्वज नॉर्मंडीचा. बेल्जियमची टीम आली की फ्लँडर्सचा. एकदा ड्युसेलडॉर्फचे लोक डेमोला आले, तर ऱ्हाइनकाठचा झाला!

आमचा पुण्याचा मंदार माझ्या शेजारी बसतो. तो हळूच म्हणाला, "पुढच्या आठवड्यात जपानी येतायत. बघू कसं मॅनेज करतो."

*

सासूबाई पुण्याहून आल्या होत्या तेव्हा मी त्याला जेवायला बोलावलं. थालीपीठ मोडता मोडता त्याने घराण्याची गोष्ट काढली. पूर्वजाने शिकारीत राजाला रानडुकरापासून वाचवलं, तेव्हापासून त्यांच्या ढालीवर रानडुकराचं डोकं. मी मराठीत सांगत होते. सासूबाई एकदम सावरून बसल्या.

"अगं, म्हणजे रानडुक्कर देवक झालं की यांचं!"

"असेल, आई."

"मग अहो अ‍ॅलेस्टरराव, देवकाला कोणी हात लावत नाही. तुम्ही खात नाही ना ते?"

मी भाषांतर केलं. अ‍ॅलेस्टरने घाईघाईने आणखी एक थालीपीठ मागितलं. दर गुरुवारी कँटीनमध्ये डुकराच्या श्नित्सेलसाठी रांगेत पहिला कोण असतो, हे आख्ख्या मजल्याला माहीत आहे.

त्या गुरुवारी तो काउंटरपुढे बराच वेळ उभा राहिला. शेवटी चीज घातलेल्या नूडल्स घेऊन आला.

*

माझी इरा दुसरीत आहे. मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र जर्मनमध्ये. अ‍ॅलेस्टरने तिला मोबाइलवर घराण्याच्या किल्ल्याचा फोटो दाखवला. गवत, एक उभी भिंत, भिंतीच्या सावलीत मेंढ्या.

इराने फोटो मोठा करून नीट पाहिला. "आबर दास इस्ट डोख आइन श्टाल!"

अहो, हा तर गोठा आहे! मी तिला डोळे वटारले.

अ‍ॅलेस्टर शांतपणे म्हणाला, "मेंढ्यांनी तो लढून घेतलाय."

*

गेल्या उन्हाळ्यात ड्रमकेर्न घराण्याचं स्नेहसंमेलन भरलं. अ‍ॅलेस्टर आपल्या सात वर्षांच्या क्लाराला घेऊन गेला. ग्लासगोहून त्याचे वडील आले. म्हातारबुवा आयुष्यभर बस चालवून रिटायर झालेले, आणि घराण्याचा अभिमान मुलाच्या दुप्पट. क्लारा जन्मली तेव्हा फोनवर त्यांचं पहिलं वाक्य होतं, "चला, आपली शाखा इथे संपली." त्या वाक्यानंतर बापलेक वर्षभर बोलले नव्हते. हे अ‍ॅलेस्टरने आम्हाला परत आल्यावर सांगितलं, आणि त्या दिवशी मंदारनेही चेष्टा केली नाही.

संमेलनात एका इतिहासाच्या प्राध्यापिकेचं भाषण ठेवलं होतं. बाईंनी फार गोड आवाजात बॉम्ब टाकला. मूळ पुरुषाचा वंश चौथ्याच पिढीत खुंटला. शेवटच्या सरदाराला मुलगा नव्हता. मार्जरी नावाची एकुलती एक मुलगी होती. किल्ला तिने सांभाळला. तिचा नवरा बाहेरचा, त्याने लग्नानंतर तिचं आडनाव लावलं. आज इथे बसलेले सगळे ड्रमकेर्न त्या मार्जरीचे!

हॉलमध्ये घराण्याचे प्रमुख हातातल्या ग्लासात बघत बसले. क्लारा तेवढी चमचा वाजवत होती.

म्हातारबुवांनी हात वर केला. उठून उभे राहिले.

"बाई, ती मार्जरी झाली तेव्हा तिच्या बापाला वाईट वाटलं होतं का हो?"

"त्याबद्दल कुठेच काही लिहिलेलं नाही," प्राध्यापिका म्हणाल्या.

म्हातारबुवा खाली बसले. क्लाराला उचलून मांडीवर घेतलं.

"वाटलं असणार," ते म्हणाले. "गाढव होता!"