मायक्रोमीटरची मागची बाजू

बाबा गेल्यावर अयोध्या नगरचं घर रिकामं करायला घेतलं. भांडी, कपाटं, गाद्या यांचा निकाल दोन दिवसांत लागला. अडून राहिली ती एक लाकडी पेटी. बाबा जवळच्याच मोठ्या कारखान्यात टूलरूममध्ये होते. यंत्रांचे भाग घासून, मोजून, पुन्हा घासून अचूक करायचे, हे त्यांचं आयुष्यभराचं काम. त्यासाठी हौसेनं स्वतः घेतलेली मोजमापाची हत्यारं त्या पेटीत होती: व्हर्नियर, गुण्या, डायल गेज, लहानमोठे मायक्रोमीटर. भंगारवाल्याने पेटी उचलून वजनाचा अंदाज घेतला, तशी आई पुढे झाली आणि म्हणाली, "ती नाही द्यायची."

आई माझ्याकडे साकेत नगरला राहायला आली आणि तिच्यासोबत पेटीही. पण माझ्या दोन खोल्यांत ती हत्यारं नुसती पडून राहणार, हे आम्हा दोघींनाही कळत होतं. माझ्या रुग्णालयातल्या एका सहकारी बाईंनी सुचवलं, अशा वस्तूंचा ऑनलाइन लिलाव होतो, जाणकार लोक बोली लावतात, टाकून तर बघ.

मी टाकलं. पलंगावरच्या फुलाफुलांच्या चादरीवर सगळी हत्यारं ओतली, ट्यूबलाइट लावली आणि उभ्या उभ्या एक फोटो काढला. खाली लिहिलं, 'जुनी हत्यारं, उत्तम स्थितीत.' आठवडाभर एकही बोली आली नाही. आला तो फक्त एक निरोप, राजकोटच्या एका निवृत्त कारागिराचा. त्यांनी लिहिलं होतं की ढिगाला कुणी बोली लावत नाही, एकेक वस्तू वेगळी दाखवा. गंज असेल तर गंजही दाखवा. न दाखवलेल्या गंजाची भीती जास्त वाटते.

मला ओशाळल्यासारखं झालं. मी एक्स-रे काढते. साधं मनगट असलं तरी समोरून एक आणि बाजूने एक, अशा दोन फिल्म घेतल्याशिवाय पेशंटला सोडत नाही. आणि बाबांच्या वस्तू मात्र मी चादरीवर ओतून मोकळी झाले होते.

मग नीट सुरुवात केली. सकाळी आठ ते नऊ खिडकीत ऊन न येता नुसता उजेड येतो, तेव्हा तिथे टेबल लावायचं. त्यावर जुन्या करड्या ब्लँकेटचा तुकडा. दुसऱ्या बाजूला थर्माकोलचा पांढरा तक्ता उभा करायचा, म्हणजे सावली मऊ होते. शेजारी फूटपट्टी. आधी पूर्ण वस्तू, मग आकडे जवळून, मग जबडे मिटून शून्य जुळतं की नाही ते. आईला वाटायचं, चिंचेनं घासून चकचकीत करावं. मी सांगितलं, फक्त कोरड्या फडक्यानं पुसायचं, जुनेपणा घालवायचा नाही.

माहिती मात्र तिच्याकडेच होती. मी म्हणायची, "हे कधीचं?" आणि ती चष्मा पुसत सांगायची, "हे नागपूरहून येताना आणलं. तेव्हा तू झाली नव्हतीस. त्या व्हर्नियरला एक ओरखडा आहे बघ, तोही दाखव." बाबा गेल्यापासून ती दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून असायची. आता सकाळी माझ्याआधी अंघोळ करून टेबलाशी बसू लागली. सहा वस्तू गेल्या, चांगल्या माणसांकडे गेल्या.

सातवा होता मोठा मायक्रोमीटर. पेटीतली सगळ्यात देखणी वस्तू. त्याच्या कमानीला मागच्या बाजूने कापडी चिकटपट्टी लावलेली होती. हाताच्या उबेनं लोखंड फुगून माप चुकू नये म्हणून लावली असेल, असं मला वाटलं. समोरून सुरेख फोटो आले. दोन दिवसांत बोली चढत गेली. तेवढ्यात राजकोटच्या त्याच गृहस्थांचा निरोप आला, मागची बाजू दाखवा, पट्टीखाली तडा तर नाही ना?

आई गवार मोडत बसली होती. मी सांगितल्यावर तिचे हात थांबले. "राहू दे ती पट्टी," ती म्हणाली. "नाही घेतलं तर नाही घेतलं त्यांनी."

मला वाटलं, बाबांच्या हाताची पट्टी म्हणून जीव अडकलाय. दुसऱ्या दिवशी ती अंघोळीला गेल्यावर मी ड्रायरच्या गरम हवेनं पट्टी हळूच सोडवली. तडा नव्हता. कमानीवर अक्षरं कोरलेली होती. कारखान्याची खूण, विभागाची दोन अक्षरं आणि एक क्रमांक. अयोध्या नगरात वाढलेल्या कुणालाही ती खूण ओळखता येते. ती वस्तू बाबांची नव्हती.

शेजाऱ्याचं चुकून खिशात आलेलं पेन परत द्यायला भर उन्हात निघणारे माझे बाबा.

आई ओल्या केसांनी बाहेर आली आणि टेबलावरची पट्टी बघून तशीच उभी राहिली. "काय करून राहिलीस तू?" ती म्हणाली. आवाजात राग नव्हता.

"आई, हे कारखान्याचं आहे."

"माहीत आहे. पट्टी मीच लावली."

मग तिनं सांगितलं. निवृत्तीला वर्ष राहिलं होतं. बाबांचा स्वतःचा मायक्रोमीटर जरा चुकीचं दाखवू लागला होता. रविवारी घरी बसून तो जुळवावा म्हणून त्यांनी कारखान्याच्या स्टोअरमधला हा नोंद न करता डब्याच्या पिशवीतून आणला. सोमवारी परत न्यायचा होता. पण त्याच सोमवारी फाटकावर येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांची झडती लागली. पितळेचे तुकडे बाहेर नेताना कुणी तरी सापडलं होतं आणि त्याला जागच्या जागी निलंबित केलं होतं. बाबा फाटकापासूनच मागे फिरले. आज नको, उद्या, असं करता करता आठवडा गेला, महिना गेला. नेलाच कसा, या प्रश्नाला उत्तर देण्याची त्यांची छाती झाली नाही.

"आणि स्टोअरमध्ये कुणी विचारलं नाही?"

"विचारलं ना. स्टोअरकीपरला लेखी जाब द्यावा लागला. भला माणूस होता, आपल्याकडे जेवायला यायचा. ह्यांनी मग त्याच्याकडे जाणंच सोडलं." ती खुर्चीवर बसली. "वापरला नाही त्यांनी तो कधी. नुसता काढून बघायचे. तो आकडा बघितला की दिवसभर जेवायचे नाहीत. म्हणून मी पट्टी लावली."

मी लिलाव मागे घेतला. बोली लावणाऱ्यांना कारण लिहायचं होतं. तीन वेळा खोडून शेवटी लिहिलं, 'ही वस्तू माझ्या वडिलांची नव्हती, हे मला आज कळलं. क्षमस्व.' राजकोटहून उत्तर आलं, त्यात फक्त नमस्कार होता.

स्टोअरकीपर निवृत्त होऊन आता शहराबाहेर मंडीदीपला मुलाकडे राहत होते. पुढच्या रविवारी आम्ही दोघी गेलो. ते अंगणात खुर्चीवर बसले होते, थकलेले, पण ओळख पक्की. "अरे भाभीजी! आइए, आइए." सुनेनं चहा आणला. आईनं चहाला हात लावला नाही. रुमालाची गाठ सोडून मायक्रोमीटर त्यांच्या समोर धरला.

त्यांनी तो घेतला, उलटा केला, क्रमांकावर अंगठा फिरवला.

"उनके पास था?"

"हाँ," आई म्हणाली. "डर गए थे. लौटा नहीं पाए. माफी माँगने आई हूँ."

"मैं तो किसी और पर शक करता रहा, भाभीजी." त्यांनी टूलरूममधल्या दुसऱ्या एका माणसाबद्दल सांगितलं. तेव्हा एकाच गल्लीत राहून त्यांनी त्याच्याशी बोलणं तोडलं होतं. स्वतःच्या मुलीच्या लग्नाची पत्रिकासुद्धा पाठवली नाही. तो माणूस दोन वर्षांपूर्वी गेला. मयतालाही ते गेले नव्हते.

आईच्या डोळ्यांना धार लागली. माफ केलं, असं काही ते म्हणाले नाहीत. मला वाटत होतं, म्हणावं. मायक्रोमीटर मांडीवर ठेवून ते म्हणाले, "इसे रख जाइए. रजिस्टर पर दस्तखत मेरे थे. जमा भी मैं ही करूँगा."

परतीच्या बसमध्ये आई म्हणाली, "एकदा जाऊन सांगितलं असतं, तर दोन घरं वाचली असती." तिनं बाबांना दोष दिलेला मी त्याआधी कधी ऐकला नव्हता.

तीन आठवड्यांनी तिच्या फोनवर स्टोअरकीपरांचा फोन आला. ती उभी राहूनच बोलली. ते मायक्रोमीटर जमा करायला गेले, तर कारखान्यातल्या तरुण साहेबाला तो क्रमांक कोणत्याच नोंदीत सापडेना. तो म्हणाला, आजोबा, हे आता घरीच ठेवा. पण ते हटून बसले. शेवटी संध्याकाळी त्यांना पावती मिळाली. पावती घेऊन ते थेट त्या गेलेल्या माणसाच्या घरी गेले आणि त्याच्या बायकोला सगळं सांगितलं. बाबांचं नाव घेऊन सांगितलं.

"ती काय म्हणाली?" मी विचारलं.

"रडली म्हणे. मग म्हणाली, आमच्या ह्यांना शेवटपर्यंत कळलं नाही, आपण केलं तरी काय."

आई पलंगावर बसली. मी पाणी दिलं, ते तिनं हातात धरून ठेवलं. त्या रात्री ती जेवली नाही आणि मी आग्रह केला नाही. पेटीत अजून अकरा वस्तू होत्या. पुढचे कितीतरी दिवस आम्ही दोघींनीही पेटीला हात लावला नाही.